पान बदललंय लगा

संपादक मंडळातली दोन मुलं लेख मागायला केबिनमध्ये आली. मी म्हणालो, "विषय तुम्हीच सांगा." त्यातल्या एकाचं लक्षच नव्हतं. त्याने मोबाईल टेबलावर आपटला (हळूच आपटला, हप्ते बाकी असावेत) आणि म्हणाला, "सर, काल रात्री झोपलो तेव्हा प्रोफाइल नीट होतं. सकाळी उठून बघतो तर सगळं इकडचं तिकडे. मला विचारलं का कुणी?"

मला हसू आलं. त्याला वाटलं मी त्याला हसतोय. म्हणून हा लेख.

मित्रहो, २००६ साली मी हॉस्टेलला आलो. रूममध्ये आम्ही चौघे. नेट फक्त कॉलेजच्या लॅबमध्ये, आणि तिथे लॅब असिस्टंट मागे उभे. त्यामुळे खरं नेट म्हणजे गेटसमोरचा कॅफे. प्लायवूडच्या केबिन, त्यांना मळकट पडदे, तासाला पंधरा रुपये आणि अर्ध्या तासाला दहा. हा हिशेब कुठल्या गणितात बसतो ते कॅफेवाल्या काकांनाच माहीत. आत शिरताना वहीत नाव, वेळ आणि सही. मेसचा खाडा धरून जे पैसे वाचायचे ते तिथे जायचे.

आणि तिथे होती ती साईट. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. एक तर माझं तिच्याशी जुनं भांडण आहे, आणि दुसरं म्हणजे ती २०१४ मध्ये गेली. गेलेल्याचं नाव घेऊन वाईट बोलू नये असं आपल्याकडे म्हणतात. ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल. बाकीच्यांनी डिपार्टमेंटमधल्या पस्तिशी ओलांडलेल्या कुठल्याही सरांना किंवा मॅडमना विचारावं. पण हातात तासभर वेळ असेल तरच विचारा!

त्या साईटवर प्रत्येकाचं एक पान असायचं. डावीकडे फोटो. तोही स्वतःचा असेलच असं नाही, आमच्या विंगमध्ये सहा जणांचे फोटो सचिन तेंडुलकरचे होते. मधे नाव, त्याखाली "माझ्याविषयी" म्हणून काय वाटेल ते. उजवीकडे मित्रांचे नऊ छोटे फोटो, तीन ओळींत. आणि सगळ्यांत वर एक आकडा, कुणाच्या पानावर किती निरोप पडलेत त्याचा. निरोपांना स्क्रॅप म्हणायचे. ज्याचा आकडा मोठा तो मोठा माणूस. आकडा वाढावा म्हणून शेजारच्या केबिनमध्ये बसलेल्या मित्राला "हाय" असा स्क्रॅप टाकणारे महाभाग होते. त्यांत मीही होतो.

माझ्या पानावर मी एक बुलेट काढली होती. चित्र नव्हे, नुसत्या टिंबांची, तिरप्या रेघांची आणि कंसांची. दोन चाकं, टाकी, हँडल, सगळं. मधल्या रकान्यात एका ओळीत किती अक्षरं मावतात ते मोजून मोजून केली होती. दोन संध्याकाळी आणि चाळीस रुपये गेले. पण कॅफेतली चार पोरं मागे उभी राहून बघायची. फर्स्ट इयरच्या पोराला आणखी काय पाहिजे?

त्या बुलेटच्या खाली होतं बार्शीकरचं टेस्टिमोनियल.

टेस्टिमोनियल म्हणजे मित्राने तुमच्या पानावर लिहिलेलं प्रशस्तिपत्र. आम्ही सगळे तेव्हा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो. बार्शीकर माझा रूममेट, कॉट माझ्या समोरची. त्याने लिहिलं होतं ते असं: "या माणसाला रात्री दोनला उठवा, चहाला येतो. पैसे आपण द्यायचे. इंजिनीयर होईल का नाही सांगता येत नाही. पण उठतो."

पुढे नोकरीसाठी बरीच शिफारसपत्रं मिळाली मला. इतकं खरं एकातही नव्हतं.

बार्शीकर हुशार होता. पण एम थ्रीने त्याला धरला. सेकंड इयरच्या निकालात चार विषय राहिले, २००८ च्या जुलैत तो वायडी झाला. वडिलांची तब्येत तेव्हाच बिघडली होती. "एक वर्ष घरी राहतो, बॅक काढतो, येतो परत" असं म्हणून गादी गुंडाळून गेला. तिकडे मामाच्या आडतीवर हिशेब लिहायला लागला.

फोन होता की, असं तुम्ही म्हणाल. होता. पण ज्याचा वायडी झालाय त्याला फोन करून बघा एकदा. पहिला प्रश्न "काय चाललंय?" आणि त्याला उत्तर काय द्यायचं! दोन-तीनदा त्याने उचलला नाही, मग मीही करेनासा झालो. स्क्रॅपचं तसं नव्हतं. तिथे तो आठवड्यातून एकदा यायचा, बार्शीतल्या कॅफेत, अर्धा तास, दहा रुपये. माझ्या पानावर एक ओळ टाकून जायचा. "मेसची भाजी सुधारली का?" "एम थ्रीचे सर अजून जिवंत हैत का?" "तुरीला भाव आलाय, इंजिनीयरिंग सोड." एवढंच. मी उत्तर टाकायचो त्याच्या पानावर. पुढच्या आठवड्याला पुन्हा एक ओळ. त्यात अभ्यासाचं, निकालाचं, परत येण्याचं काही नसायचं. ते मी विचारायचो नाही आणि तो सांगायचा नाही. तो आलाय हे मला त्या वरच्या आकड्यावरून कळायचं. काल ८६२, आज ८६३. आला बार्शीकर.

मग बीईला असताना, २००९ च्या दिवाळीनंतर, ते पान बदललं.

एकदम नाही बदललं. आधी काही जणांना नवीन पान मिळालं, बाकीच्यांनी त्यांच्याकडे निमंत्रण मागायचं. म्हणजे आपलीच फजिती करून घ्यायला आपणच रांगेत! आमच्या विंगमध्ये ज्याला पहिल्यांदा मिळालं त्याने दोन दिवस भाव खाल्ला. तिसऱ्या दिवशी मला मिळालं. मी उघडलं, आणि बुलेटचा अपघात झालेला.

मधला रकाना वेगळ्या रुंदीचा झाला होता. प्रत्येक ओळीची शेवटची सात-आठ अक्षरं खाली घसरली होती. एक चाक वर, एक खाली, टाकी दोघांच्या मधे आडवी आणि हँडल कुठल्याच गाडीचं वाटेना. मागून रूममेट म्हणाला, "पंचनामा केला का?" कॅफेभर हशा. मला खरंच राग आला. माझ्याविषयी म्हणून मी जे काही जगाला सांगत होतो ते एका रात्रीत कुणीतरी, कुठेतरी बसून, मला न विचारता विस्कटून टाकलं होतं. आणि वर निळ्या अक्षरांत लिहिलेलं की आता सगळं अधिक छान झालंय.

त्या आठवड्यात मेसमध्ये दुसरा विषय नव्हता. कुणाचा रंग गेला, कुणाचे नऊ मित्र बदलले. आमच्या एका मित्राने पहिल्या नवांत एका विशिष्ट मुलीचा फोटो यावा म्हणून महिनाभर काय काय खटपट केली होती, ती गेली कुठल्या कुठे. "जुनं पान परत द्या" म्हणून आम्ही लांबलचक निवेदन लिहिलं, पाठवलं. उत्तर आलं नाही. मग तीन आठवड्यांनी प्रीलिम्स आल्या आणि सगळे गप्प झाले. मी बुलेट पुसून टाकली. नवीन पानाची सवय झाली. खोटं कशाला बोलू, फोटो टाकायला ते जास्त सोपंही होतं.

हे आमच्याच नशिबी आलं असं नाही. ५ सप्टेंबर २००६ ला फेसबुकने न्यूज फीड आणलं. तोवर तिथेही मित्राचं काय चाललंय ते बघायला त्याच्या पानावर जावं लागायचं. त्या दिवसापासून सगळ्यांच्या बातम्या आपोआप समोर यायला लागल्या. अमेरिकेतल्या कॉलेजांमधून एकच गदारोळ उठला, विरोधाच्या गटात बघता बघता लाखो मुलं सामील झाली. आणि गंमत अशी की तो गट इतक्या झपाट्याने पसरला तो न्यूज फीडमुळेच! कोण विरोधात गेलं ते सगळ्यांना आपोआप दिसत होतं ना. झुकेरबर्गने आधी "शांत व्हा, आम्ही ऐकतोय" अशा अर्थाचं लिहिलं, आणि तीनच दिवसांनी चूक झाली असं कबूल करून काय दाखवायचं नि काय नाही याच्या सोयी दिल्या. फीड मात्र काढलं नाही. ते जाहीर करणारी मूळ टीप लिहिली होती रुची संघवी यांनी. फेसबुकच्या पहिल्या महिला इंजिनीयर, आणि वाढल्या आपल्या पुण्यात. म्हणजे या प्रकरणात शिव्या देणारेही आपले नि खाणारेही आपले.

पुढे २००८ मध्ये तिथलं प्रोफाइलचं पान बदललं, २०११ मध्ये टाइमलाइन आली, दर वेळी तोच तमाशा. २०१८ मध्ये स्नॅपचॅटने मांडणी बदलली तेव्हा जुनी परत आणा म्हणून बारा लाखांवर लोकांनी सह्या केल्या. २०२५ च्या जानेवारीत इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरचे चौकोनी फोटो उभट केले. ज्यांनी नऊ-नऊ फोटो जुळवून एक मोठं चित्र केलं होतं त्यांचं काय झालं असेल ते मला न विचारता कळतं. माझ्या बुलेटची भावंडं ती.

हल्ली मी हा विषय वर्गात शिकवतो तेव्हा मुलांना दुसरी बाजूही सांगतो. पान बदलणारी माणसं वेडी नसतात. आधी थोड्या लोकांना दाखवून बघतात, कुठे किती क्लिक पडतात ते मोजतात. जिथे क्लिक जास्त ते वर, जिथे कमी ते खाली. जाहिरातीला जागा लागते तीही यातच बसवायची असते. टेस्टिमोनियलवर कोण क्लिक करणार? ते एकदा लिहायचं आणि अधूनमधून वाचायचं. वाचण्याचं क्लिक होत नाही. म्हणून ते माझ्या पहिल्या पानावरून आत कुठेतरी गेलं. मोजणाऱ्याच्या दृष्टीने बरोबरच होतं.

आणि ओरडणाऱ्यांतले बहुतेक जण माझ्यासारखे तीन आठवड्यांत गप्प होतात हेही त्यांना ठाऊक असतं. इथपर्यंत ही गोष्ट विनोदीच आहे, आणि बरीच वर्षं मी ती तशीच सांगायचो.

२०१४ मध्ये ती साईट बंद होणार असं जाहीर झालं. ज्यांना आपलं पान उतरवून घ्यायचं त्यांनी घ्यावं. मी तोवर नोकरी करून, सोडून, एमटेक करून शिकवायला लागलो होतो. एका रविवारी बसून सगळं उतरवलं. फोटो, निरोप, सगळं एका फाइलमध्ये, तारखांसकट. म्हटलं वाचू जरा.

"हाय"चे शेकडो निरोप वगळत वगळत २००९ च्या डिसेंबरात आलो. तिथे बार्शीकरचे दोन स्क्रॅप होते, दोन आठवड्यांच्या अंतराने. दोन्ही मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होतो.

पहिला: "पान बदललंय लगा तुझं. अर्धा तास नुसतं गोल गोल फिरतंय. दहा रुपयांत आज फक्त चक्री बघितली."

दुसरा: "परत उघडंना, म्हणून मामाच्या पोराकडनं पुण्यात टाकायला लावतोय. सोमवारी येतोय टीसी न्यायला. अकराला टपरीवर ये."

टीसी न्यायला! म्हणजे तो कॉलेज सोडून चालला होता. तो सोमवार मी कॅलेंडर लावून काढला. त्या दिवशी आमची प्रोजेक्टची स्टेज होती, मी सकाळपासून लॅबमध्ये होतो. टपरी तिथून चालत चार मिनिटांवर.

आता मी कॉम्प्युटरचा माणूस, त्यामुळे रडण्याआधी कारणं शोधायची सवय. कारणं सापडतात. जुनं पान साधं होतं. लाइन कितीही हळू असली तरी ते वरून खाली झिरपत यायचं. आधी अक्षरं, मग फोटो आले तर आले. बार्शीकरला फोटोंशी काही देणंघेणं नव्हतं, अक्षरं आली की त्याचं काम व्हायचं. नवीन पान वेगळ्या तऱ्हेने बांधलेलं होतं. आधी भलामोठा प्रोग्राम उतरणार, तो तुमच्या मशीनवर चालणार, आणि मग तो पान रंगवणार. तोवर समोर कोरा पडदा आणि चक्री. ज्याने ते केलं त्याच्या ऑफिसात ते फटकन उघडत असणार. आमच्या गेटसमोरच्या कॅफेतही जेमतेम उघडायचं. एका लाइनवर आठ मशीन, त्यांवर इंटरनेट एक्स्प्लोरर सहा, म्हणजे २००१ सालचा ब्राउझर, असल्या कॅफेत दहा रुपयांत ते उघडणं शक्य नव्हतं. त्याच्या कॅफेतलं चित्र यापेक्षा वेगळं असण्याचं कारण नाही.

हे झालं त्याच्या बाजूचं. माझ्या बाजूला काय झालं? मला ते स्क्रॅप दिसले का नाहीत?

नवीन पान उघडलं की समोर यायच्या सगळ्या मित्रांच्या ताज्या हालचाली. याने फोटो टाकला, त्याने त्यावर लिहिलं, तिचा वाढदिवस. जो सारखा काही ना काही करतो तो वर. बार्शीकर स्वतःच्या पानावर कधीच काही करायचा नाही, फोटोही त्याने एकदाच लावला होता, आडतीवरच्या वजनकाट्याचा. त्यामुळे त्या यादीत तो कधी यायचाच नाही. आधी मी कॅफेत बसलो की नऊ फोटोंत वजनकाटा दिसायचा, हात आपोआप तिकडे जायचा. म्हणजे आधी मित्राच्या घरी जाऊन बसायचो, आणि आता गॅलरीत उभं राहून रस्त्यावरची वर्दळ बघायला लागलो. वर्दळीत जो दिसला तो मित्र. जो घरात गप्प बसलाय तो गेला डोक्यातून. आणि तो वरचा आकडा, ८६२ चा ८६३ होणारा, तो मला पहिल्यासारखा समोर दिसेनासा झाला होता. मूर्खासारखा रोज बघायचो तो आकडा. त्या डिसेंबरात तो समोर असता तर मी टपरीवर गेलो असतो. मला तसं वाटतं.

पण एवढं सगळं लिहूनही मी खरं सांगायला हवं. सहा महिने, मग वर्ष, मग चार वर्षं बार्शीकरचा स्क्रॅप आला नाही आणि मला ते लक्षातही आलं नाही. प्लेसमेंट होती, प्रोजेक्ट होता, नोकरी होती. पानाने त्याला माझ्या नजरेआड केलं असेल, पण वळून बघायला मान माझी होती. दोष वाटायचाच म्हटला तर मोठा वाटा माझ्याच ताटात येईल.

त्या रविवारी संध्याकाळपर्यंत चार फोन करून त्याचा नंबर मिळवला. उचलल्यावर त्याने आवाज ओळखला.

"काय लगा, झोपेतनं उठलाय व्हय? पाच वर्षांनी?"

मी त्या सोमवारचं विचारलं.

"आलतो की. टपरीवर दोन कटिंग पिलो. तू नाय आला. म्हटलं ओरल असंल."

"अरे मी वाचलंच नव्हतं ते. आज वाचतोय."

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटलं तू मुद्दाम नाय आला. वायडीवाल्याशी काय बोलायचं म्हणून." आणि लगेच, "जाऊ दे. टपरीवाल्याने पैसे नाय घेतले त्या दिवशी. तेवढं तरी झालं."

पाच वर्षं हा माणूस ते मनात धरून होता. आता आडत त्याची आहे. फोन आठवड्याला होत नाही, पण होतो. तुरीचा भाव तो अजून सांगतो.

इथे लेख संपवला असता. पण संपादक मंडळातल्या त्या मुलाने मुळात विचारलं होतं, "मला विचारलं का कुणी?" तर त्याबद्दल माझंच एक बाहेर काढतो, म्हणजे दुसऱ्यांना नावं ठेवण्याचं पाप जरा कमी होईल.

आपल्या हॉस्टेलच्या गेटपासची आणि मेसच्या खाड्याची नोंद ज्या पानावर होते ते पान गेल्या वर्षी मी आणि थर्ड इयरच्या तीन मुलांनी नवीन केलं. जुनं फार जुनाट होतं. राखाडी बटणं, वाकडेतिकडे रकाने. आम्ही झकास रंग दिले, मोबाईलवर नीट दिसेल असं केलं, मधली चार बटणं काढून एक मेनू केला. डेमोला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारी सुरू केलं.

बुधवारी हॉस्टेल ऑफिसमधले भाऊसाहेब केबिनच्या दारात उभे. आत या म्हटलं तरी आत येईनात. हातात एक जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूचा तुकडा.

"सर, हे आता चालत नाही."

मी कागद घेतला. त्यावर निळ्या पेनने, ठळक अक्षरांत लिहिलेलं: एक, डावीकडून दुसरं बटण. दोन, वर तारीख. तीन, खाली हिरवं. चार, थांबायचं. पाच, परत हिरवं. कडेला चिकटपट्टीचे पिवळे डाग. कित्येक वर्षं तो कागद त्यांच्या मॉनिटरच्या कडेला चिकटलेला होता. मी स्वतः तो शंभरदा बघितला असेन, त्यांच्या टेबलावर वाकून सही करताना. पान नवीन करायच्या आधी तो वाचायचं माझ्या डोक्यात आलं नाही. मुलांच्याही आलं नाही, पण त्यांचं सोडा, ती वीस वर्षांची आहेत.

"दोन दिवस खाडे वहीत लिहितोय," भाऊसाहेब म्हणाले. "पोरं रांगेत शिव्या देतात. बरोबर आहे त्यांचं."

"भाऊसाहेब, नवीन सोपं आहे. मी शिकवतो ना."

"शिकवा की. शिकतो. पण हे डावीकडून दुसरं कुठं गेलं तेवढं सांगा."

ते कुठेच गेलं नव्हतं, आम्ही ते काढलं होतं. म्हणजे माझ्या तिरप्या रेघांच्या बुलेटवरून ज्याने रकाना फिरवला होता, तो आता मीच. फरक एवढाच की माझा वापरणारा माझ्या दारात येऊन उभा राहू शकत होता. आमचं ते मेसमधलं निवेदन कुणाच्या दारात पोचलं असेल देव जाणे.

त्या संध्याकाळी आम्ही नवीन पानाच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरांत, "जुने पान" अशी लिंक टाकली. नोंदी दोन्हीकडून एकाच जागी जातात, त्यामुळे बिघडत काही नाही. मुलांचा विरोध होता, डिझाइन घाण होतं म्हणाली. होतं खरं. आणि दोन्ही पानं सांभाळायला कामही दुप्पट पडतं, हेही खरं. ते काम मी करतो.

मधे एकदा लॉग काढून बघितला. ती लिंक रोज सकाळी नऊ, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहाच्या आसपास दाबली जाते. एकाच मशीनवरून. बाकी अख्ख्या हॉस्टेलात तिला कुणी हात लावत नाही.

परवा सहीला गेलो होतो. कॅलेंडरचा तुकडा मॉनिटरला परत चिकटवलेला होता, नव्या चिकटपट्टीने. त्यात वर एक ओळ वाढली होती: आधी खाली बारीक अक्षर.

भाऊसाहेबांनी रजिस्टर पुढे केलं आणि विचारलं, "सर, ते खालचं काढणार तर नाही ना?"

"नाही हो. तुम्ही आहात तोवर नाही."

"मी मार्चला रिटायर होतोय."

म्हटलं, मग मार्चपर्यंत तर नक्कीच नाही.